मुलं, दात, सुया आणि आपलं "काही नाही होत बाळा" (अनुभव हवेत, मोठा धागा)

पारिजातक | ४ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार सगळ्यांना. लेक सव्वापाच वर्षांची आहे. खालच्या डाव्या दाढेला कीड होती, आम्ही दुधाचा दात आहे पडेलच म्हणून थोडं दुर्लक्ष केलं ही आमची चूक, मग एका रात्री दुखायला लागलं ते थांबेचना, हिरडीवर पुटकुळीसारखं आलं. दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. निघताना मी तिला सांगितलं की डॉक्टर फक्त दात बघणार आहेत, काही करणार नाहीत.

तिथे गेल्यावर डॉक्टर म्हणाले नस खराब झालीय, आजच उघडावं लागेल. सुई तिच्या डोळ्यांसमोरच भरली गेली. ती खुर्चीतून उतरायला लागली तशी बाबाने पाय धरले, असिस्टंटने डोकं धरलं, मी दोन्ही हात धरले. आणि मी सतत बोलत होते. काही नाही होत, झालं झालं, काही नाही होत बाळा, संपलंच बघ. आणि ती तोंड मिटता येत नाही अशा अवस्थेत सुद्धा तेवढं एकच म्हणत होती, "तू म्हणालीस फक्त बघणार, तू म्हणालीस फक्त बघणार". अर्धवट काम करून, कापूस घालून आम्ही परत आलो.

त्याला आता नऊ दिवस झाले. त्या बाजूला ब्रश लावू देत नाही. त्या रस्त्याला आमची लायब्ररी आहे, तिथे जाऊ म्हटलं तर पडद्यामागे जाऊन बसली.

मग मी वाचायला घेतलं, रात्री ती झोपली की तेच. आणि जे सापडलं ते वाचून मला फार वाईट वाटलं. रोनाल्ड ब्लाउंट म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या तपासण्यांचं (पाठीतलं पाणी काढणं, हाडातला मगज काढणं, म्हणजे खरंच दुखणाऱ्या गोष्टी) वाक्यावाक्याने विश्लेषण केलं, मोठी माणसं काय बोलली आणि त्यानंतर लगेच मूल काय करतं. तर धीर देणारी वाक्यं, सॉरी म्हणणं, कळवळून बोलणं, रागावणं यांच्यामागून मुलांचं रडणं ओरडणं वाढत होतं. आणि वेगळ्याच विषयावरच्या गप्पा, गंमत, किंवा "आता श्वास घे, सोड" असं नेमकं काम सांगणं याच्यामागून मूल सावरत होतं. म्हणजे मी जे पंधरा मिनिटं करत होते ते सगळं पहिल्या यादीतलं.

बारा दिवसांनी लहान मुलांच्या दंततज्ज्ञांची, म्हणजे पेडोडॉन्टिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. तोवर तिला काय सांगू? आणि तिथे काय बोलू? गप्प तर बसवत नाही हो.

---

सुलभा_काकू | ५ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

पारिजातक, वाईट वाटून घेऊ नकोस गं. आमच्या मुलांना आम्ही धरूनच गोळ्या दिल्या, धरूनच टाके घातले, आज दोघंही मस्त आहेत. मुलं विसरतात. आईच जास्त लक्षात ठेवते.

---

दातवाली | ५ फेब्रुवारी, दुपारी २.०५

मी पेडोडॉन्टिस्ट आहे, कोल्हापूरला, चौदा वर्षं झाली. काकू, तुमचा धीर द्यायचा हेतू कळतो पण मुलं विसरतात हे मला पटत नाही, कारण माझ्याकडे रोज त्यांच्या आया येतात ज्या स्वतः माझ्या खुर्चीकडे बघायला घाबरतात, आणि विचारलं की हमखास लहानपणीचा एखादा किस्सा निघतो. कॅनडातल्या लॉकर यांनी १९९९ मध्ये दातांच्या उपचारांना घाबरणाऱ्या प्रौढांना विचारलं होतं की भीती कधी सुरू झाली, तर जवळपास निम्म्यांनी, ५०.९ टक्के लोकांनी, लहानपणी असं सांगितलं.

अगदी तान्ह्या बाळांचं सुद्धा. टोरंटोच्या अॅना टॅडिओ यांचं १९९७ चं काम आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहिती असतं. जन्मल्यावर सुंता झालेल्या मुलग्यांपैकी काहींना आधी बधीर करायचं क्रीम लावलेलं होतं, काहींना नाही. चार-सहा महिन्यांनी लस देताना बघितलं तर ज्यांना क्रीम नव्हतं ती बाळं जास्त रडली. त्या बाळांना आठवण अशी काही सांगता येणार नाही, पण शरीराने धरून ठेवलं.

पारिजातक ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे. आमच्याकडे सगळ्यात जुनी आणि अजूनही रोज वापरली जाणारी पद्धत म्हणजे टेल-शो-डू, सांगा दाखवा करा, १९५९ मध्ये अॅडलस्टन यांनी मांडली. ऐकायला अगदी साधी आहे पण लोक "सांगा" मध्येच चुकतात. सांगायचं ते मुलाच्या भाषेत आणि खरं. मी एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, आधी मुलाच्या नखावर फिरवते, कोरायचं टोक (बर) न लावता, नुसता वारा आणि पाणी. आवाज ऐकवते. लाळ ओढायची नळी त्याच्याच हातात देते आणि कपातलं पाणी प्यायला लावते नळीला. हे दहा मिनिटं चालतं आणि पालक घड्याळ बघत असतात, पण तीच दहा मिनिटं पुढच्या चार सिटिंगला पुरतात.

सुईबद्दल. "दुखणार नाही" मी कधीच म्हणत नाही. आधी बधीर करायचं जेल लावते, ते एक-दोन मिनिटं राहू देते (घाईत हेच राहून जातं), मग सांगते की दाताला झोपवायचं औषध आहे, एक चिमटा वाटेल, मी पाच म्हणेपर्यंत. आणि डावा हात वर केला की मी थांबणार. मग खरंच थांबते. पहिल्यांदा मूल नुसतं तपासायला हात वर करतं, थांबते का बघू म्हणून. तिथे जर थांबलं नाही तर सगळं गेलं.

घरी काय सांगू विचारलंत. फार आधीपासून फार सांगू नका. "सुई", "टोचणे", "दुखणे" हे शब्द तुम्ही होऊन काढू नका पण तिने विचारलं तर खोटं सांगू नका. आणि सगळ्यात आधी, झालं त्याबद्दल एकदा सरळ बोला तिच्याशी. "मी म्हणाले होते फक्त बघणार आणि तसं झालं नाही." एवढंच. स्पष्टीकरणं नकोत.

अजून एक, घरात कोणी "जेवली नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" म्हणत असेल तर ते आजपासून बंद करा प्लीज. मी हात जोडून सांगते.

---

मकरंद_ज | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

एक शंका, वाद घालायचा म्हणून नाही. मूल जास्त घाबरलेलं असतं म्हणूनच आई "काही नाही होत" म्हणते ना? मग आईच्या बोलण्याने रडणं वाढलं कशावरून, उलटंही असू शकतं. हसऱ्या पोराला कोण कशाला धीर देईल.

---

पारिजातक | ५ फेब्रुवारी, रात्री १०.५५

मकरंद, मलाही पहिल्यांदा हेच वाटलं, खरं सांगायचं तर तसंच असावं अशी इच्छा होती. पण यावर प्रयोग झालेला आहे. क्रिस्टीन चेंबर्स आणि सहकारी, २००२. आठ ते बारा वर्षांची १२० निरोगी मुलं आणि त्यांच्या आया. मुलांनी हात थंडगार पाण्यात घालायचा. आणि आयांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, एका गटाला शिकवलं की धीर द्या, कळवळून बोला, दुसऱ्या गटाला शिकवलं लक्ष दुसरीकडे न्या, तिसऱ्याला काहीच शिकवलं नाही. म्हणजे इथे मूल घाबरलं म्हणून आई बोलली असं म्हणता येत नाही, आई काय बोलणार ते आधीच ठरलेलं. तर धीर देणाऱ्या आयांच्या मुलींनी जास्त दुखलं सांगितलं, लक्ष वळवणाऱ्यांच्या मुलींनी कमी. मुलग्यांमध्ये मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

आणि मेघन मॅकमर्ट्री यांचं २०१० चं वाचलं तेव्हा मला उलगडा झाला. रक्त काढायला आलेल्या ५ ते १० वर्षांच्या १०० मुलांना व्हिडिओ दाखवून विचारलं की हे आईबाबा किती घाबरलेत. आईबाबा धीर देत असतील तेव्हा मुलांना ते जास्त घाबरलेले वाटले, दुसऱ्या गप्पा मारत असतील तेव्हा कमी. आपण एरवी "काही नाही होत" कधी म्हणतो? मूल पडलं, रक्त आलं, कुत्रा अंगावर आला. म्हणजे काहीतरी झालेलं असतं तेव्हाच. त्यांना तो इशाराच वाटणार ना.

दातवाली ताई, आज झोपवताना बोलले तिच्याशी, तुम्ही सांगितलं तसं. काही बोलली नाही. माझ्या ओढणीचं टोक धरून झोपली.

---

भूलवाला | ६ फेब्रुवारी, रात्री १२.२०

भूलतज्ज्ञ आहे, पुणे. मुलांच्या ऑपरेशनआधीच्या भीतीवर सगळ्यात चिवटपणे काम केलं ते झेव केन यांनी, अमेरिकेत येल विद्यापीठात होते तेव्हा. भीती मोजायला त्यांनी निरीक्षणाची मोजपट्टी बनवली, मूल काय करतंय, आवाज कसा, चेहरा कसा, पालकाला किती चिकटतंय, आणि ती आज जगभर वापरतात.

लोकांना सगळ्यात नवल वाटतं ते हे, की भूल देताना आई किंवा बाबा आत असले म्हणजे मूल शांत राहतं असं आपण धरून चालतो, पण चाचण्यांमध्ये ते दिसत नाही. केन यांच्या १९९८ च्या अभ्यासात तोंडावाटे दिलेलं मिडाझोलाम (गुंगीचं औषध) पालकांच्या हजेरीपेक्षा सरस ठरलं. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासतात तो) २८ चाचण्या, २६८१ मुलं, आणि त्यातही नुसती पालकांची हजेरी भीती कमी करते असं निघालं नाही. (विदूषक, हातातला व्हिडिओ गेम, शांत कमी उजेडाची खोली यांच्याबद्दल मात्र आशादायक निष्कर्ष होते.) मला सुरुवातीला हे वाचून वाटलं होतं की चला, पालकांना बाहेरच ठेवूया, काम सोपं. तसा त्याचा अर्थ नाही. कारण त्याच केन यांनी २००७ मध्ये अॅडव्हान्स नावाचा कार्यक्रम ४०८ मुलांवर तपासला. त्यात पालकांना आधी तयार केलं होतं. घरी व्हिडिओ, घरी मास्क, रोज तोंडावर मास्क धरायचा सराव, थांबायच्या खोलीत खेळणी, आणि पालकांना स्पष्ट सूचना की वारंवार धीर देऊ नका. नावातल्या इंग्रजी आद्याक्षरांमधलं एक अक्षर खास त्याच सूचनेसाठी आहे. ही मुलं भूल घेताना मिडाझोलाम घेतलेल्या मुलांइतकीच शांत होती, शुद्धीवर येताना कमी बरळली-तडफडली, वेदनेचं औषध कमी लागलं, आणि घरीही लवकर गेली.

म्हणजे आई तिथे असण्याने फरक पडतो का, तर आईला काय करायचंय ते माहिती असलं तर पडतो.

मी स्वतः गेली सहा वर्षं आदल्या दिवशी मुलाला मास्क घरी देतो. स्वस्तातली गोष्ट आहे. एक पोरगा दुसऱ्या दिवशी मास्कवर स्केचपेनने मिशा काढून घेऊन आला होता, आणि स्वतःच्या हाताने नाकावर धरून झोपला.

---

अनिकेत_लीड्स | ६ फेब्रुवारी, पहाटे ३.१०

इकडे इंग्लंडमध्ये मुलांच्या वॉर्डात यासाठी वेगळं माणूसच असतं, प्ले स्पेशलिस्ट. माझ्या मुलाचे टॉन्सिल काढले तेव्हा त्या बाईंनी त्याच्या टेडीच्या हाताला सलाईनची नळी लावून दाखवली, पट्टी चिकटवली, मग म्हणाल्या आता तू काढ. आम्हाला वाटलं इकडे पहिल्यापासूनच असं असेल. तर तसं अजिबात नाही. पन्नासच्या दशकापर्यंत इथल्या बऱ्याच हॉस्पिटलांत आईवडिलांना भेटायला देखील मोजकीच वेळ मिळायची, आई आली की मूल रडतं म्हणून. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचं हॉस्पिटलातलं आठवडाभराचं चित्रण करून डॉक्टरांना दाखवलं, आणि मग १९५९ चा प्लॅट अहवाल, सरकारी समितीचा, आला त्याने भेटीवरचे निर्बंध काढा असं सांगितलं. आपल्याकडे आजी नाहीतर आई कॉटखाली चटई टाकून झोपतेच, ते इकडच्या लोकांना भांडून मिळवावं लागलं.

---

उपकेंद्र_ताई | ६ फेब्रुवारी, दुपारी १.५०

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली आरोग्यसेविका आहे, जालना जिल्हा. तुमचं सगळं वाचलं, छान आहे, पण माझ्याकडे लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत एकामागून एक बाळं असतात, बायका मजुरी बुडवून आलेल्या असतात, टेडी बिडी काही नाही. मी काय करू ते सांगा. मलाही आवडत नाही हो पोरं माझ्याकडे बघून रडतात ते. गावात चालले तरी लपतात.

---

दातवाली | ६ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

उपकेंद्र ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण आमच्या खुर्चीत येणाऱ्या मुलाची सुईशी पहिली ओळख तुमच्याकडेच झालेली असते. आणि यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लिहून ठेवलंय, त्यातलं बरंचसं फुकट आहे. बाळाला झोपवून दाबून धरायच्या ऐवजी आईच्या मांडीवर, छातीशी. अंगावर पिणारं असेल तर पाजत असताना द्या. सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायची गरज नाही, त्याने सुई आत जास्त वेळ राहते. दोन-तीन लसी असतील तर जी जास्त झोंबते ती शेवटी. पाच वर्षांच्या डीपीटी बूस्टरच्या मुलांना दंड सैल सोडायला सांगून फुंकर मारायला लावा, हातावर काल्पनिक मेणबत्ती धरा. आणि "आता टोचते हं" ऐवजी साधं "आता देते".

लक्ष वळवणं, श्वासाचे प्रकार, संमोहन यांच्यावर २०१८ चा कॉक्रेन आढावा आहे, ५९ चाचण्या, साडेपाच हजारांवर मुलं, आणि या गोष्टींनी सुईचं दुखणं-घाबरणं कमी होतं असं त्यात आहे. पुराव्याचा दर्जा फार उच्च नाही असं ते स्वतःच म्हणतात, पण फुंकर मारून तोटा काय होणार.

---

उपकेंद्र_ताई | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.००

आज मांडीवर घेऊन दिले सगळे. आया म्हणाल्या ताई हे बरं आहे. वेळ तेवढाच लागला. आधी दोन बायका लागायच्या धरायला, आज आई एकटीच पुरली. मोठी पोरं फुंकर मारताना हसतच होती, एकाने माझ्या तोंडावरच मारली.

---

मकरंद_ज | १२ फेब्रुवारी, रात्री ९.१५

दातवाली, मोबाईल हातात दिला तर चालतो का? आणि दाढ किडलीय पण अजून दुखत नाही अशा मुलाला सुई टाळता येते का? माझ्या भाच्यासाठी विचारतोय, सहा वर्षांचा आहे.

---

दातवाली | १२ फेब्रुवारी, रात्री ११.३०

मोबाईल चालतो, पण नुसता बघण्यापेक्षा ज्यात मुलाला काही करावं लागतं ते जास्त उपयोगी पडतं असा माझा अनुभव. पण माझं काम चालू असताना त्याला माझा आवाजही ऐकू यायला हवा.

सुई टाळता येते का, हो, कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली नसेल तर. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या डॉक्टरांची पद्धत आहे, कीड न कोरता, सुई न देता दाढेवर स्टीलची कॅप घट्ट बसवायची, आत कीड कोंडली जाते. तेव्हा डंडीला असलेल्या निकोला इनेस यांनी १३२ मुलांवर नेहमीच्या फिलिंगशी तुलना केली, २००७ मध्ये छापलं, बहुतेक मुलांना, पालकांना आणि डॉक्टरांनाही कॅपच जास्त पसंत पडली. कॅप बसताना दाबल्यासारखं होतं आणि हिरडी पांढरी दिसते थोडा वेळ, तेही आधी सांगायचं. म्हणून भाच्याला दुखायची वाट न बघता आत्ताच दाखवा. भीती कमी करायचे सगळे उपाय एकीकडे आणि न दुखणाऱ्या दोन-तीन भेटी आधी झालेल्या असणं एकीकडे.

जाता जाता आणखी एक. आमच्याच शास्त्रात पूर्वी रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून धरायची पद्धत पुस्तकात शिकवायचे. अमेरिकेच्या बालदंततज्ज्ञांच्या संघटनेने ती २००६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनातून काढली. एवढ्या उशिरा. हे मला आजही लागतं.

---

पारिजातक | २४ फेब्रुवारी, रात्री ११.०५

दोन भेटी झाल्या. उशीर झाला लिहायला.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी काहीच केलं नाही. मी आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं. खुर्ची वरखाली केली, आरसा तिच्या हातात दिला आणि माझेच दात मोजायला लावले. तिने अठ्ठावीस मोजले, दोनदा. मग पाच चेहऱ्यांचं चित्र दाखवून विचारलं आत्ता तू कुठला चेहरा, तिने शेवटून दुसरा दाखवला, रडायला आलेला. जाताना हातमोज्याचा फुगा.

काल दुसरी. घरून निघताना विचारलं, आज औषधाची सुई आहे? हो म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला होता पण हो म्हणाले. रिक्षात एक शब्द बोलली नाही.

मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते. तिला उकडीचे मोदक करायला फार आवडतात, गणपतीत आजीशेजारी पाटावर बसते. तर मी मोदकांची कृती सांगायची आणि मुद्दाम चुकायचं, मी चुकले की तिने अंगठा खाली करायचा. तोंड उघडंच असतं ना, बोलता येत नाही. पाण्याला उकळी आली की मी गव्हाचं पीठ घातलं, अंगठा खाली. सारणात गुळाऐवजी मीठ, अंगठा खाली. जेल लावून झालं होतं, डॉक्टर म्हणाल्या आता चिमटा, मी पाच मोजतेय, आणि मी तेव्हा पारीला कळ्या न पाडताच मोदक मिटला. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, घळघळ, पण अंगठा खाली गेला.

हात दोनदा वर केला, दोन्ही वेळा डॉक्टर थांबल्या. रडली ती एक्स-रेची पट्टी हिरडीला रुतली तेव्हा, सुईला नाही, कारण पट्टीचं आधी कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या हो, ते माझ्याकडून राहिलं, सॉरी. तिने ऐकून घेतलं.

मी "काही नाही होत" एकदाही म्हणाले नाही. ओठांपर्यंत आलं होतं तीनदा तरी. काकू, तुम्ही म्हणाला होतात आईच जास्त लक्षात ठेवते, ते खरंय.

घरी आल्यावर ओठ बधीर होता तेवढे तीन तास ओठ चावू नये म्हणून लक्ष ठेवून बसले, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, ज्यांची मुलं जातील त्यांनी लक्षात ठेवा.

कॅप पुढच्या गुरुवारी. तेव्हा सुई आहे का विचारलं तिने. मला माहिती नव्हतं म्हणून तिच्यासमोरच फोन लावला, हिरडीला थोडी लागेल म्हणाल्या. तेच सांगितलं. थोडा वेळ फरशीकडे बघत बसली. मग म्हणाली, मग पुरणपोळी घेऊ. पण पुरणात तू वरण नको घालूस, ते लगेच ओळखू येईल मला.